काचेच्या ऑफिसाला शेवरीचा आडोसा

मे महिन्यात खानदेशात निघालेय म्हटल्यावर माझ्या धाकट्या बहिणीनं कपाळावर हात मारला. "लोक डिसेंबरात जातात, भरीत खातात, शाल पांघरून परत येतात. तू भट्टीत उडी मारायला चाललीयेस." मी तिला म्हटलं, आजारी माणसाला ताप उतरल्यावर बघून काय उपयोग? तापातच बघायला हवं.

माझा आजारी म्हणजे एक इमारत होती. माझा धंदाच तसा विचित्र आहे. मी वास्तुविशारद, पण गेली कित्येक वर्षं मी नवं काही बांधलेलं नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या ऑफिसांचं आयुष्य तपासते. इमारत जन्माला येताना तिच्यासाठी किती डोंगर फुटले, सिमेंटच्या, लोखंडाच्या, काचेच्या किती भट्ट्या पेटल्या. जगताना तिनं किती वीज खाल्ली. आणि मेल्यावर तिचा राडारोडा कुणाच्या उरावर जाऊन पडणार, हे सगळं जोडून सांगायचं. पुण्यातले माझे सहकारी मला इमारतींची ज्योतिषीण म्हणतात. मी रागवत नाही, कारण ज्योतिष्याप्रमाणे माझंही फारसं कुणी ऐकत नाही.

जळगाव

स्टेशनवर सुमनअक्का न्यायला आल्या होत्या. अक्का म्हणजे फैजपूरकडच्या केळी उत्पादकांच्या एका सोसायटीच्या अध्यक्षा. डोक्यावर पदर, त्यावर पांढरा रुमाल घट्ट बांधलेला, आणि जीप स्वतः चालवत होत्या. सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आमच्या रत्नागिरीच्या दुपारसारखं पडलं होतं.

"ताई, आधी नाश्ता, मग इमारत," त्या म्हणाल्या. नाश्ता म्हणजे काय, तर एका खाणावळीत शेवभाजी. सकाळी नऊला! लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात जाड शेव. पहिल्या घासाला माझ्या कानातून धूर निघाला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "उन्हाळ्यात तिखट खाल्लं की घाम येतो, घाम आला की गार वाटतं." हे तर्कशास्त्र मला तेव्हा पटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीच जास्तीचा रस्सा मागू लागले.

भुसावळ मागे टाकून तापीचा पूल ओलांडला आणि रंगच बदलला. करडी, तडकलेली जमीन संपून दोन्ही बाजूंना केळीच्या हिरव्या बागा लागल्या, आणि उत्तरेला सातपुडा उन्हाच्या धुरकटीत अर्धवट पुसलेला दिसू लागला. अक्कांनी गाडी चालवता चालवता मला कामाचं सांगितलं.

"तीन दिवसांनी सभा आहे आमची. ऑफिस पाडायचा ठराव आहे. जागेवर नवं बांधू, हरित का काय म्हणतात तसं. तुम्ही फक्त बघा आणि सभेत सांगा, पाडायला हरकत नाही म्हणून."

"आणि हरकत असली तर?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "आमच्या ऑफिसात संगणकावर एक मुलगी बसते, रेखा. गेल्या मे महिन्यात लाइट गेली आणि ती खुर्चीवरून खाली कोसळली. तिची आई मला विचारायला आली होती, अक्का, माझी मुलगी ऑफिसात जाते का भट्टीवर? मी काय सांगू तिला?"

मी वहीत रेखाचं नाव लिहून घेतलं.

फैजपूर

इमारत पाहिली आणि मी जागीच थांबले. तीन मजले, आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची, वरपासून खालपर्यंत निळी. एकही खिडकी उघडत नाही. समोर पूर्वी कडुनिंबांची रांग होती, ती काच रस्त्यावरून नीट दिसावी म्हणून तोडलेली. मी माझा लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यानं तापून आपणहून डोळे मिटले. एसी चालू होते, पण त्यांचा आवाज म्हाताऱ्या बैलाच्या धापेसारखा येत होता. मग लाइट गेली. थोड्याच वेळात सगळे जण खुर्च्या उचलून मागच्या जिन्याखाली जाऊन बसले. रोजचीच सवय असावी, कारण कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

मला मात्र दुसरीच गोष्ट सलत होती. इमारत जेमतेम बारा-तेरा वर्षांची. खांब, तुळया, स्लॅब सगळं ठणठणीत. तिच्या जन्मासाठी जे जळायचं ते जळून गेलंय, ते परत येणार नाही. चांगली साठ वर्षं जगली असती तर त्या जळण्याचं सार्थक झालं असतं. आता ती पाडली तर तो सगळा धूर फुकट, आणि नवी बांधायला पुन्हा तेवढाच धूर. नव्या इमारतीवर हरित म्हणून कितीही पाट्या लावा, मागचं जळलेलं भरून निघायला तिची निम्मी हयात जाईल. पण हे रेखाच्या आईला कसं सांगायचं? आकाशातल्या धुरासाठी तुमच्या मुलीनं आणखी काही उन्हाळे भाजून घ्यावेत, असं? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

संध्याकाळी अक्कांनी मला नानांकडे नेलं. नाना म्हणजे सोसायटीचे जुने अध्यक्ष. ऐंशीच्या घरातले, शिडशिडीत, पांढरंशुभ्र धोतर. ही इमारत त्यांनीच बांधून घेतली होती. मला वाटलं, आता हे तावातावानं तिची बाजू मांडतील. झालं उलटंच.

"पाडा म्हना ते," नाना म्हणाले. "माह्या हातानं झालं, माह्या डोयादेखत गेलं तं बरं. ती रेखा पडली ना, तवापासून मी त्या इमारतीत पाय ठेवला नही."

"पण नाना, काच का लावलीत एवढी?"

नानांनी धोतराचा सोगा सारखा केला. "आमचे पोरं पुन्या-मुंबईले जाता, काचेच्या ऑफिसात बसता. घरी येता अन म्हनता, आपलं ऑफिस म्हंजे पत्र्याचं गोदाम. मले वाटलं, केयीवाल्याचं ऑफिस काहून तसं नसावं? रस्ता पश्चिमेले, म्हनून तोंड पश्चिमेले. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसलं पाहिजे ना." मग हसले. "दिसलं. आता समदे हसता."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. काचेच्या ऑफिसांना मी आयुष्यभर नावं ठेवली, पण ती कुणी आपल्या माणसांचा मान राखण्यासाठी बांधली असतील हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसरा दिवस आखाजीचा. आपण अक्षय तृतीया म्हणतो आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती बघतो. इथं ती दिवाळीइतकी मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. नानांच्या घरी पितरांसाठी मातीची घागर भरून ठेवली होती, वर आंबा ठेवलेला. गेलेल्या माणसांनाही उन्हाळ्यात तहान लागते, हा विचार मला इतका आवडला की मी नकळत त्या घागरीला हात जोडले. अक्कांनी मग मला चुलीपाशी बसवलं. त्या उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे करत होत्या, हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढे पातळ आणि ताटापेक्षा मोठे. मलाही एक करून बघायची हौस आली. माझा मांडा मनगटावरच फाटला आणि पुरण कोपरापर्यंत गेलं. माहेरवाशिणी पोट धरधरून हसल्या. "ताई, तुम्ही इमारतीच बघा," एक म्हणाली. आमरसाबरोबर मी तो फाटका मांडा खाल्ला. इतकं चांगलं जेवण मी फार वर्षांत जेवले नव्हते, आणि तसं मी अक्कांना सांगितलंही.

दुपारी नाना मला बाग दाखवायला घेऊन गेले. बांधावर उभं राहवत नव्हतं. वाऱ्याचा झोत तोंडावर असा येत होता की जणू कुणी भट्टीचं झाकण काढलंय. माझ्या चपलेचा तळ गरम मातीवर सुटून मागेच राहिला आणि मी एका पायावर उड्या मारत बागेत शिरले. आत मात्र दुसरंच जग. ओलसर, हिरवं, निवांत. घडांना बांबूचे टेकू दिलेले, खाली ठिबकचं पाणी टिपटिपत होतं. पश्चिमेच्या कडेला शेवरीची दाट रांग होती, उंच, बारीक पानांची, आणि जिथं शेवरी विरळ झाली तिथं बांबूंना हिरवी जाळी ताणून बांधलेली.

"केयीले ऊन चालते," नाना म्हणाले, "पन हा पश्चिमेचा वारा चालत नही. पानं फाटता, घड करपतो. म्हनून आधी शेवरी, मंग केयी."

मी मान डोलावली, तुटकी चप्पल हातात धरली आणि परत आले. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच पेटलं नाही. माझं लक्ष चपलेकडे होतं.

धुळे

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं धुळ्याला गेले. ज्या ठेकेदाराला पाडकामाचं काम द्यायचं ठरत होतं त्याचं आवार धुळ्याबाहेर होतं. पाडलेली इमारत जाते कुठे, हे सभेत बोलण्याआधी मला डोळ्यांनी बघायचं होतं. अक्का म्हणाल्या, मीही येते. नाना म्हणाले, "मीबी येतो. आपल्या मयतीची जागा पाहून ठेवलेली बरी." अक्का त्यांच्यावर रागावल्या, पण ते पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

आवार म्हणजे इमारतींचं स्मशानच. एका बाजूला दारं, चौकटी, खिडक्यांचे गज. दुसरीकडे वाकड्या सळयांचे ढीग, त्या हातोड्यानं सरळ करणारी दोन माणसं. ठेकेदार रमेशभाऊ मोठे अगत्यशील. खाटा टाकल्या, माठातलं पाणी दिलं, मग फिरून सगळं दाखवलं.

"लोखंड बठ्ठं इकाई जास," ते अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळं विकलं जातं. "दारं-खिडक्याबी जातंस. इटाबी लोक लई जातंस."

"आणि काँक्रीट?" मी विचारलं.

त्यांनी नाल्याकडे बोट केलं. नाल्याचं पात्र राडारोड्यानं अर्धं बुजलं होतं. पावसाळ्यात पाणी जाणार कुठून, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, कारण उत्तर त्यांच्याही चेहऱ्यावर होतं.

कुंपणाजवळ एक मोठा खड्डा होता. त्यात काचा. शेकडो काचा, निळ्या, उन्हात लखलखणाऱ्या, काही अख्ख्या, बहुतेकींचा खडीसाखरेसारखा चुरा झालेला. कुठल्याशा गावातलं एक ऑफिस नुकतंच पाडलं होतं, त्याच्या त्या.

"ह्या कोनी घेत नही?" नानांनी विचारलं.

"नही नाना. काच कोन्ही लेत नही. हाई कापताच येस नही ना, हात लावा का चुरा. आठेच पडी ऱ्हास."

मी नानांना समजावलं की अशा इमारतींची काच टफन केलेली असते. एकदा भट्टीतून निघाली की तिचा आकार बदलता येत नाही. आहे त्या मापात वापरा, नाही तर फेका.

नाना खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. एक तुकडा उचलून त्यांनी उन्हात धरला. "म्हंजे माह्याबी अशाच येतीन इथी," ते म्हणाले.  रमेशभाऊंनी नानांना हात देऊन उठवलं आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, कांदा. खड्ड्यापासून दहा-पंधरा हातांवर बसून आम्ही ते जेवलो. त्यांच्या बायकोनं माझ्या भाकरीवर तेलाची धार धरली तेव्हा मला भरून आलं. पोट त्या खड्ड्यावर असूनही माणसं अशी मनापासून वाढतात.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला पोचलो. चहाला थांबलो. दुपार टळत होती आणि वारा तसाच, तोंड भाजणारा. टपरीवाल्यानं पश्चिमेच्या बाजूला एक जुनं गोणपाट बांधून त्यावर पाणी मारलं होतं आणि आम्ही तिघं शहाण्यासारखे त्याच्याआड सरकून बसलो.

मी सहज म्हणाले, "आमच्या कोकणातही असंच करतात. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून मृगाच्या आधी ओटीला नारळीच्या झापांची झडी बांधायची. भिंत पाडत नाही कुणी. भिंतीला आडोसा देतात."

नानांनी बशी खाली ठेवली.

"अक्का," ते म्हणाले, "आपल्या घडाले आपन आडोसा करतो, अन मानसाले नही केला."

"नाना, ऑफिस म्हणजे काय केळीची बाग आहे?"

"समज ना बाग! शेवरी लाव, बागेले बांधतो तशी हिरवी जायी बांध. पश्चिमेचा वारा अन ऊन काचीले लागूच दिऊ नको. पन्नास वर्सं केयी केली मी, अन ऑफिस बांधताना पश्चिमेले तोंड उघडं ठेवलं. आपल्या भागातलं पोरगंबी हे करनार नही."

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मला टपरीवरच हसू फुटलं. काच आतून पडदे लावून थंड होत नाही, कारण तोवर ऊन आत आलेलं असतं; ते बाहेरच अडवावं लागतं. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. कालच बागेत शेवरीच्या सावलीत उभी होते, तरी ह्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. चांगल्या सोबत्यांबरोबर चहा प्यायल्याचा हा फायदा.

"सभा उद्या चारला आहे," अक्का म्हणाल्या. "बोलून कुणी ऐकणार नाही. त्यांना आत बसवून दाखवावं लागेल." आणि त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली.

पुन्हा फैजपूर

ज्यांच्या बागा कापून झाल्या होत्या त्यांच्या शेडमध्ये जाळ्या आणि टेकूचे बांबू पडून होते. सकाळी सहालाच ट्रॅक्टर लागले. बागेत जाळी बांधणारेच ऑफिसाला जाळी बांधत होते, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. मी एवढंच सांगितलं की जाळी काचेला चिकटवू नका, दोन हातांचं अंतर राहू द्या, मधून वारा वर निघून जाऊ दे. मागच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीतल्या बंद काचा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं काढल्या. मोकळ्या चौकटींतून जिन्याखालचा गारवा आत येऊ लागला. काढलेल्या काचांचं काय करायचं? "त्या तशाच ठेवा," अक्का म्हणाल्या, "आतल्या खोल्यांना लावू, आहे त्या मापाच्या." धुळ्याच्या खड्ड्यात एकही जायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी इमारत बाहेरून फार कुरूप दिसत होती. नाकीडोळी नीटस मुलीनं गोधडी पांघरावी तशी. आत गार झालं होतं असं मी म्हणणार नाही; खोटं कशाला सांगू? पण पंख्याखाली बसवत होतं. माझा लॅपटॉप त्याच टेबलावर तीन वाजून गेले तरी जागा होता. रेखानं आपली खुर्ची जिन्याखालून उचलली आणि खिडकीपाशी आणून ठेवली. तिची आई दारात उभी होती. तिनं आत येऊन काचेला तळहात लावून पाहिला, मग दुसऱ्यांदा लावून पाहिला, आणि अक्कांकडे बघून मान डोलावली.

सभेला माणसं भरपूर आली. निम्मी ठरावासाठी आणि निम्मी गोधडी बघायला. नाना बाहेर चबुतऱ्यावर बसले होते. आत या म्हणून दोघं-तिघं गेले तरी उठेनात. शेवटी अक्का स्वतः गेल्या. "जुने-नवे सगळे आत आहेत, तुमचीच खुर्ची रिकामी आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून आत घेऊन आल्या. पश्चिमेच्या काचेपाशी, जिथं सगळ्यात जास्त भाजायचं, तिथंच नाना जाऊन बसले.

मी बोलले. इमारतीला जन्म देताना काय काय जळलं ते सांगितलं, धुळ्याचा खड्डा सांगितला, नाला सांगितला. एक जण उठून म्हणाला, "म्हणजे आम्ही जन्मभर जाळीत बसायचं?" मी म्हटलं, जाळी या उन्हाळ्यापुरती, पावसाळ्यात शेवरी लावा, दिवाळीपर्यंत ती डोक्यावर जाईल, शेवरीच्या आडोशानं कडुनिंब वाढवा, मग शेवरीही काढून टाका. छताला चुना मारा, तुमचे आजोबा धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकायचे तसा. इमारत तुमच्या नातवंडांना पुरेल. वाद बराच झाला. नव्या इमारतीचं चित्र काढून आणलेले एक तरुण सभासद नाराज झाले, ते साहजिक होतं. मी त्यांना म्हटलं, तुमचं चित्र चांगलं आहे, ते जिथं मोकळी जागा आहे तिथं बांधा. हात वर झाले. पाडायचा ठराव मागे घेतला गेला.

मी नानांकडे पाहिलं, त्यांना काही बोलायचंय का म्हणून. ते खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, पंख्याच्या वाऱ्यानं धोतराचा सोगा हलत होता. मे महिन्यातली साडेपाचची वेळ, पश्चिमेची काच, आणि नाना गाढ झोपले होते.

मला सभेचे आभार मानायचे होते. चार दिवसांत या माणसांनी मला तिखट खायला शिकवलं, फाटका मांडा प्रेमानं वाढला, माझी चप्पल शिवून आणून दिली, आणि मला माझंच शास्त्र बागेत उभं करून दाखवलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी माईक हातात घेतला, घसा खाकरला, तेवढ्यात अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ताई," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आभार हळू माना. नाना झोपलेत."

मी माईक बंद करून ठेवला आणि आभार हळूच मानले.